बोडीतली रोवणी

३ जून

निरोप समारंभात कारखान्याने एक घड्याळ दिलं आणि ही डायरी. घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडलं, म्हणून डायरी उघडली.

मी तेजराम. उभी हयात वरठीच्या कारखान्यात क्रेन चालवली. पाळी संपली की रिपोर्ट लिहायचा: काय केलं, काय बिघडलं, पुढच्या पाळीवाल्याला काय सांगायचं आहे. आता पुढचा पाळीवाला कोणी नाही, पण हात थांबत नाही.

मुक्काम कोंढ्याला, सासऱ्याच्या घरी. ते वारले, तुळसा एकुलती एक लेक, तेव्हा घर, त्याला लागून धानाची शेती आणि शेताच्या वरच्या अंगाची बोडी तिच्या नावावर आली. बोडी म्हणजे बांध घालून केलेलं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि धानाला सोडायचं. शेजारचा बाबुलाल आज दारात येऊन म्हणतो, "का भाऊजी, लोकं जवानीत घरजावई होतात, तुमी म्हातारपणी झाले!" तुळसा एवढी हसली की चहा उतू गेला.

संध्याकाळी मुलाचा, जीवनचा, नागपूरहून फोन, स्पीकरवर. "बाबा, बोडी रस्त्याले लागून आहे. बुजवून टाकली तर लग्नाचं मस्त लॉन होते तिथं. ते डबकं ठेवून का फायदा?"

डबकं म्हणाला तशी तुळसा उठून आत गेली. मला काय झालं कोण जाणे, मी बोलून बसलो, "एक वर्ष दे मले. पुढच्या जूनपर्यंत त्या बोडीत मासोळी करून दाखवतो. नाही झाली तर बुजव, मी आडवा येणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

बोडी तिची आणि शब्द माझा, हे फोन ठेवल्यावर ध्यानात आलं.

७ जून

बोडीची पाहणी केली. साफसफाईला शून्य मार्क. पाणी तळाला गेलेलं, आणि जिकडे तिकडे गवत, लव्हाळे, कमळाच्या वाळल्या देठांचा गुंता, शेवाळ. बांधावर बेशरमाची झुडपं माजलेली. उंबराखालच्या कोपऱ्यात तर पाणी कुठं आणि पालापाचोळा कुठं ते कळत नाही. आमच्या खात्यात जमिनीवर तेलाचा थेंब दिसला तर साहेब अख्ख्या पाळीला उभं करायचे. ज्या जागी झाडू फिरत नाही, तिथं काम काय होणार?

दोन मजूर सांगितले. स्वतःचा विळा काढला, सासऱ्याचाच, लांब दांड्याचा.

तुळसा म्हणाली, "माह्या बाबानं त्या गवताले कधी हात नाही लावला, अजी."

मी म्हणालो, "म्हणून तर हे हाल झाले ना!"

१२ जून

तीन बाजू चकाचक. मुळासकट उपटलं, कुठं देठ ठेवला नाही. बांधावरची झुडपं साफ, बेशरम साफ, काठ फावड्याने सरळ केला. बाबुलाल बांधावर उभा राहून म्हणाला, "वा भाऊजी! नागपूरच्या हाटेलात अशीच टाकी राहते पोहायची." छाती फुगली. फोटो काढून जीवनला पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

तुळसा आली, पाहिलं आणि म्हणाली, "बेंडकं कोठी गेली?" आता बेडकांची हजेरी मी ठेवत नाही. उद्या उंबराचा कोपरा घेतला की काम फत्ते.

१४ जून

कंबर गेली. लव्हाळ्याचा एक गड्डा ओढला आणि पाठीत कट् झालं. मजुरांनी उचलून घरी आणलं, अख्ख्या मोहल्ल्याने पाहिलं. पवनीचा डॉक्टर म्हणतो, तीन आठवडे वाकायचं नाही. मजूर दुसऱ्याच्या कामावर गेले. उंबराचा कोपरा तसाच राहिला.

तुळसा तेल चोळते आणि गुणगुणते. माझा जीव जातोय आणि ही गाणं म्हणते, म्हणजे कमालच झाली.

८ जुलै

काठी टेकत बोडीवर गेलो. पाणी चढलं आहे. तीन बाजूंनी आरसा आणि उंबराकडे तो घाणेरडा कोपरा, रस्त्यावरून जाणाऱ्याला पहिला तोच दिसतो. लाज वाटली. विळा आणायला घरी आलो तर विळा जागेवर नाही. शेतातल्या खोपडीत नाही, गोठ्यात नाही, माळ्यावर नाही.

"तुळसा, विळा कोठी ठेवला?"

"मी नाही पाहिला बाप्पा तुमचा इळा."

बाबुलालवर माझा संशय आहे. त्याला दुसऱ्याची वस्तू नेऊन विसरायची सवय आहे.

२१ जुलै

मागच्या बाजारात तुळसाला सांगितलं होतं, लोहाराकडून विळा आण. वांगी आणली, बांगड्या आणल्या, विळा विसरली. आज पुन्हा विसरली. मी चिडलो, तर म्हणते, "वय झालं अजी, ध्यानात राहून नाही राहिलं." हिला लग्नात कोणी काय आहेर दिला ते पाठ आहे! स्वतः जायला निघालो तर म्हणाली, डॉक्टरने गाडीवर बसू नका म्हटलं आहे. मला तर असं काही ऐकल्याचं आठवत नाही.

२८ जुलै

आज मासोळीची पिल्लं सोडली. रोहू आणि कटला, बोटभर. पाण्याने आणि हवेने फुगवलेल्या पिशव्यांतून आली. पिशव्या आधी तशाच पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड सोडायचं. तुळसाने साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात उतरली. एक एक पिशवी ती सोडायची आणि म्हणायची, "जाय बाई, जाय." लहान पोराला शाळेत सोडताना म्हणायची, तसंच.

माझे डोळे भरून आले. उन्हामुळे असेल.

१९ ऑगस्ट

धानाला युरिया दिला. बाबुलालनेही दिला, त्याची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं वावर, आमच्या वर आहे, त्याचं पाणी ओघळत बोडीतच येतं. पाणी आता हिरवंगार झालं आहे, हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. बाबुलाल म्हणाला, हिरवं म्हणजे खाणं भरपूर. बरं वाटलं.

एकच कटकट. बगळे. सगळे त्या उंबराच्या कोपऱ्यातच येऊन बसतात, खंड्यासुद्धा तिथंच. एवढी मोठी साफ बोडी सोडून चोरांना अडगळच लागते. डबे बांधून दोरी ओढायची व्यवस्था केली. तुळसा दुपारी भाकर घेऊन तिथंच उंबराखाली बसते आणि पाण्याकडे पाहत राहते. तिला म्हटलं, इकडं साफ काठावर बस ना. म्हणते, "तिथं पाहाले का आहे?"

२ सप्टेंबर

लिहवत नाही.

उजाडताना गेलो. सगळी पिल्लं पाण्यावर आलेली, तोंडं वर, आ वासून हवा घेत होती. अख्ख्या बोडीत बुळूक बुळूक आवाज. मी वेड्यासारखा बादलीने पाणी उचलून वरून ओतत राहिलो, कंबर विसरलो. ऊन वर येईपर्यंत कितीतरी उलटी झाली, पांढरी पोटं वर करून.

बाबुलाल म्हणाला, कोणी औषध टाकलं असेल. मग म्हणाला, बगळ्यांची नजर. मी त्याच्यावर ओरडलो. जीवनचा फोन आला, मी उचलला नाही. तुळसाने उचलला आणि म्हणाली, "बाबा बोडीवर आहेत, कामात आहेत." बाबा ओसरीवर गुडघ्यात डोकं घालून बसले होते.

मी रडलो. एवढी वर्षं हजारो टन लोखंड डोक्यावरून नेलं, एक माणूस जखमी होऊ दिला नाही, आणि इथं बोटभर जीव सांभाळता आले नाहीत.

ती "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही. तिने चहा दिला आणि शेजारी बसली.

३ सप्टेंबर

मेलेली काढायला सकाळी उशिरा गेलो. तिन्ही बाजूंनी काढत काढत उंबराकडे पोचलो आणि पाहतो तर काय, जिवंत राहिलेली सगळी पिल्लं त्या कोपऱ्यात! लव्हाळ्याच्या देठांतून, कमळाच्या पानांखालून, सुरसुर चाललेली. तिथलं पाणी हिरवं नाही. तळ दिसतो. पाण्याखालच्या पानांवर उन्हात बारीक बारीक बुडबुडे धरलेले आणि एकेक सुटून वर येत होता.

भट्टीच्या खात्यात एकच पंखा चालू असला की सगळी माणसं त्याच्याखाली येऊन उभी राहतात. कोणाला सांगावं लागत नाही. मी तिथंच चिखलात बसलो. म्हणजे मी बोडीचे पंखे काढून टाकले होते? आणि एक पंखा राहिला, तो माझी कंबर लचकली म्हणून.

१० सप्टेंबर

पटलं तरी तपासायला हवं. चार तारखेलाच तुळसाच्या लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या, दोन्हींत बोडीचं हिरवं पाणी भरलं. एकीत कोपऱ्यातलं पाणगवत मुळासकट टाकलं, दुसरी तशीच. दोन्ही ओसरीवर, सारख्या उजेडात.

आज गवताच्या बरणीतून पलीकडची भिंत दिसते. दुसरी हिरवीच. म्हणजे युरिया धानाला जसा चढतो तसा त्या हिरव्या बुरशीसारख्या शेवाळालाही चढतो. पाण्यात गवत असलं की ते आपला घास आधी उचलतं, नसलं की सगळं पाणीच शेवाळाचं. दिवसा ठीक, पण रात्री तेच शेवाळ पाण्यातली हवा खाऊन टाकतं, म्हणून पिल्लांचा जीव पहाटे गेला. गवतात किडे, गोगलगाई, किडे खायला पिल्लं, पिल्लांसाठी बगळे. बगळे चोरी करायला येत नव्हते, जिथं काही जिवंत आहे तिथं येत होते. मी मात्र बाकी सगळ्यांना कामावरून काढलं आणि मासोळीला म्हणालो, आता तू एकटी पाळी चालव.

तुळसाला हे सगळं समजावून सांगितलं, बरण्या दाखवून. तिने मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाली, "हाव. पण माह्या बरण्या धुवून देजा."

१६ सप्टेंबर

कोपऱ्यातून गवत काढून तिन्ही बाजूंना लावलं. दोरी बांधून, ओळीत, एकसारख्या अंतरावर. साहेबाने पाठ थोपटली असती.

१७ सप्टेंबर

सगळं उपटून पाण्यावर तरंगत होतं. ओळीतच.

१८ सप्टेंबर

तुळसा आज सकाळी कुंताबाईला आणि तिच्या जोडीच्या बायांना घेऊन आली. ह्या बाया रोवणीच्या, आषाढात आमचं धान ह्यांनीच लावलं. मुळाला ओल्या मातीचा गोळा बांधायचा, अंगठ्याने तळाच्या गाळात दाबायचं आणि मागं सरकायचं. धानासारखंच, फक्त कमरेइतक्या पाण्यात. तुळसा म्हणाली, गोळ्याचं कालच सुचलं, तुमचं तरंगताना पाहून.

रस्त्यावर लोकं गाड्या थांबवून पाहत होती. बाबुलाल पोट धरून हसत होता, "अरे, बोडीत रोवणी! भाऊजी, गवत निंदाले कवा येऊ?" कुंताबाईने त्याला पाण्यातूनच सुनावलं, "तुह्या बांधीचं युरियाचं पाणी खाली येते ना, त्याच्यासाठीच हे करून राहिलो आमी. हसतेस कायले? ये खाली, गोळे बनव!"

तो खरंच आला. गोळे चांगले करतो. मग आम्ही दोघांनी मिळून वर एक चर खोदला, त्याच्या बांधीचं पाणी आता बोडीला वळसा घालून जातं. बायांनी रोवणीची गाणी म्हटली. मी डोक्यावर टोपलं घेऊन जसलं गवत उकिरड्यावर टाकलं होतं तसलंच कोपऱ्यातून आणून पुरवत होतो. बेशरम तेवढी परत लावली नाही. ती काढली ते बरोबर होतं, एवढं तरी मला म्हणू द्या.

विळा विचारला. बाबुलालने आईची शपथ घेतली, त्याच्याकडे नाही.

विजयादशमी

नागपूरला गेलो, दीक्षाभूमीवर. तिथून जीवनकडे. जेवताना तो म्हणाला, "बाबा, मासोळी मेली ते मले माहीत आहे. बाबुलालकाकाने सांगितलं. मंग आता कायले ताणता? मी जेसीबीवाल्यासंग बोलून ठेवलं आहे."

शब्द माझाच होता.

तुळसा बोलली. आवाज चढवला नाही. "जीवन, तुह्या आजोबाच्या लहानपणी आपल्या मोहल्ल्याले गावच्या तलावात उतरू देत नव्हते. काठावर रिकाम्या गुंड-घागरी घेऊन उभं राहाचं. कोणाले दया आली तर तो वरून ओतणार. ह्याच नागपुरातून दीक्षा घेऊन तुहे पणजोबा घरी आले आन् पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कुदळ घेतली. बापलेकानं खोदली ती बोडी. पहिलं पाणी भरलं त्या दिवशी माह्ये बाबा, पोरगंच होते, दिवसभर त्यात उतरत होते आन् निघत होते. कोणी नाही म्हणणार नव्हतं ना." मग तिने भाताचं भांडं पुढं सरकवलं. "डबकं नको म्हणू तिले."

जीवनने भाताचं भांडं जवळ ओढलं. "मले हे कोणी सांगितलं नव्हतं," म्हणाला. मलाही तिने लग्नानंतर एकदा सांगितलं होतं. मी तेव्हा पाळीवर जायच्या घाईत होतो.

शेवटी तो म्हणाला, "बरं. पण शब्द तो शब्द. जूनमध्ये मी जाळं टाकलेलं पाहीन."

१२ जानेवारी

सकाळी थंडी कडक. बोडीचं पाणी असं की उंबराची पानं बुडलेली मोजता यावीत. गवताने तिन्ही बाजू धरल्या. पांढरी कमळं उमलली, कोणी लावली नव्हती, गाळात जीव धरून बसली असतील. पानांवरून एक कमळपक्षी लांब लांब बोटांनी चालत गेला, पान बुडलं नाही. चतुर घिरट्या घालतात. बेडकं परत आली आहेत आणि संध्याकाळी टीव्ही ऐकू देत नाहीत.

डबे कधीच सोडले. आता बगळ्यांची हजेरी मीच घेतो. आज एक गैरहजर होता तर दिवसभर चुकल्यासारखं वाटलं.

वाचलेली पिल्लं वाढली का, ते मात्र दिसत नाही. गवतात काही कळत नाही. एवढं सगळं करून जाळं रिकामं आलं तर? हिवाळ्यातही घाम येतो.

१ जून

उद्या जीवन येतो. पाणी खूप उतरलं आहे. जेवण गेलं नाही. तुळसाला विचारलं, "काही नाही निघालं तर?" ती म्हणाली, "मंग तुमी न् मी दोघं मिळून त्याच्या जेसीबीसमोर बसू. तुमचा शब्द तुमी दिला, मी कोठी दिला?"

हे ती मला वर्षभर आधी सांगू शकली असती.

२ जून

जीवन आला. घनश्याम ढिवर जाळं घेऊन आला. बाबुलाल, कुंताबाई, अर्धा मोहल्ला बांधावर. पहिलं जाळं साफ बाजूला, म्हणजे पूर्वीच्या साफ बाजूला पडलं. घनश्यामने ओढलं, आणि जाळं जड लागून तो मागं रेलला, तेव्हाच मला कळलं. रोहू! हाताएवढाले रोहू, चांदीसारखे उडत होते. खूप नव्हते. पण होते, आणि धष्टपुष्ट होते.

दुसऱ्या जाळ्यात झिंगे, आणि एक काळी लांबलचक मरळ. जीवनने विचारलं, "मरळ कवा टाकली, बाबा?"

"टाकली नाही."

"मंग आली कोठून?"

घनश्याम म्हणाला, "जागा चांगली असली का मरळ येते. कोठून येते ते तिलेच माहीत."

जीवनने पँट दुमडली आणि पाण्यात उतरला. घोटाभर, मग गुडघाभर. उभाच राहिला. मग बाहेर आला. मग परत उतरला. तुळसाने तोंडाला पदर लावला. मी दुसरीकडे पाहिलं.

निघताना म्हणाला, "जेसीबीवाल्याले नाही म्हणून सांगतो. आन् बाबा, पुढच्या वेळी बोडीची रोवणी कराल तं मले बोलवा. रिताले घेऊन येतो." रिता म्हणजे सूनबाई, तिला चिखल चालत नाही. पाहू.

३ जून

वर्ष भरलं. रिपोर्ट लिहायला सकाळीच उंबराखाली जाऊन बसलो. कोपऱ्यातलं पाणी वीतभर राहिलं आहे, गाळ उघडा पडला आहे. त्या गाळातून एक लाकडी दांडा वर आलेला. ओढला.

सासऱ्याचा विळा. गंजलेला, पात्यावर गोगलगाई चिकटलेल्या. दांड्याला एक चांगला जड दगड बांधलेला, वर यायला नको म्हणून. चिंधीने बांधलेला. चिंधी निळी, काठाला पिवळी फुलं. ही साडी मी तिला वरठीच्या बाजारातून घेतली होती. मागच्या पावसाळ्यात म्हणाली होती, उंदराने कुरतडली.

किती वेळ तो विळा मांडीवर घेऊन बसलो. आठवत गेलं. ते तेल चोळतानाचं गाणं, ती वांगी, ते डॉक्टरने न सांगितलेलं गाडीवर बसणं, ते रोज भाकर घेऊन नेमकं इथंच येऊन बसणं. मी कमरेचे उपकार मानत होतो वर्षभर! हसू आलं.

घराकडून हाक आली. "अजी, का करून राहिले तिथं? काही सापडलं का?"

मी चिंधीची गाठ आवळली. विळा होता तिथं गाळात परत दाबला, वरून लव्हाळं सारखं केलं आणि पाय धुतले.

"काही नाही वो तुळसा. चिखल आहे."

ती दारात उभी होती. माझ्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि चहा टाकायला आत गेली.

बोडी चालू. बगळे हजर. विळा बेपत्ता, शोध बंद.